पदवी नको, पासपोर्ट दाखवा

ताई सांगली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत वीस वर्षं शिकवतेय. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल, तर दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हा, नाहीतर घरी बसा. तेव्हापासून आमच्या रविवारच्या फोनला दुसरा विषय नाही. "अगं, माझ्या हाताखालची पोरं मास्तर झाली, आणि मी आता परीक्षेला बसू?" तिचं म्हणणं मला पटतं. इथे कंबोडियात, नॉम पेनला येण्याआधी ते सगळंच पटलं असतं.

मी इंग्रजीची एम.ए., बी.एड. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले. दक्षिण कोरियात किंवा चीनमध्ये इंग्रजी शिकवायच्या व्हिसाला पदवी लागतेच. कंबोडियात बऱ्याच खासगी क्लासना महिनाभराच्या कोर्सचं सर्टिफिकेट चालतं, काहींना तेही नको. अशा ठिकाणी आपली फाईल म्हणजे सोनंच, या थाटात मी मुलाखतीला गेले. बाईंनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "पालकांना नेटिव्ह हवा असतो," म्हणाल्या. म्हणजे इंग्रजी ज्याची मायबोलीच आहे असा. शेवटी ताशी ८ डॉलरवर छोट्यांचा वर्ग मिळाला. शेजारच्या वर्गावर कॉलेज अर्धवट टाकून आलेला बावीस वर्षांचा ब्रिटिश पोरगा होता. त्याला १३.

त्याचा नुसता राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण पोरगा छान शिकवायचा. 'अंडर' शिकवायला स्वतः टेबलाखाली शिरायचा, मुलं खिदळत ओरडायची. मी फळ्यावर तीन वाक्यं लिहून मोकळी झाले असते. एकदा मात्र एका मोठ्या मुलीनं त्याला विचारलं, 'द' कुठे लावायचा आणि कुठे नाही? कानाला बरं वाटतं तिथे, यापलीकडे त्याला काही सांगता येईना. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला, मी समजावलं, त्यानं वहीत उतरवून घेतलं. माझं उत्तर १३ डॉलरच्या तासाला गेलं. फिलिपिन्सची एक सहकारी शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन आलेली, तीही आठातच.

बिनकागदाचे मास्तर या देशाला नवे नाहीत. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या, म्हणजे इथल्या कट्टर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात शिकलेली माणसं वेचून मारली गेली. मग शाळा उघडल्या तेव्हा ज्याला थोडं जास्त येतं त्यानं कमी येणाऱ्याला शिकवावं, असाच कारभार. आमच्या घरमालकीणबाई जेमतेम सातवीपर्यंत शिकलेल्या, त्या पहिलीच्या वर्गावर उभ्या राहिल्या. आज पन्नाशीला आलेले त्यांचे विद्यार्थी बाजारात भेटले की हात जोडून 'नेआक क्रू' म्हणतात. क्रू म्हणजे आपला गुरूच. त्यांना कागद विचारायची माझी छाती नाही. पण ती गरज होती. आजच्या क्लासवाल्यांना कसली गरज आहे? त्यांना जाहिरातीच्या फ्लेक्सवर गोरा चेहरा हवाय.

म्हणून ताईचे सहकारी "अनुभव हाच पुरावा" म्हणतात तेव्हा मी अडखळते. अनुभव मोजणार कोण? कागद बाजूला ठेवला की माणसं तोंड बघतात, हे मी रोज बघते. आपल्याकडे तोंडाच्या जोडीला आडनाव आणि संस्थाचालकांचा मेव्हणाही येईल. कागदही विकला जातो, मान्य. टीईटीच्या घोटाळ्यात सात हजारांवर उमेदवार सापडलेच की. तरी खोटा कागद निदान पकडता येतो.

वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला पोरसवदा उमेदवारांची प्रश्नपत्रिका देणं मात्र मला अजूनही चूक वाटतं. तिच्या वर्गात येऊन बसा, तास बघा, मग काय ते ठरवा. पण हे निकालात नाही, आणि ताईनं फॉर्म भरलाय. आता रविवारी मी फोनवर तिचे बालमानसशास्त्राचे प्रश्न घेते. पियाजे आणि वायगॉट्स्की यांत ती हमखास घोळ घालते, आणि मग माझ्यावरच चिडते, "वर्गात पोराला उलटी झाली तर आधी काय करायचं, हे विचारतात का गं त्यात?"