दारूगोळा किती लांब जातो ते कळलं, तो भरणारी पोरगी किती लांब उभी असते ते सांगा

आपल्या भागात बनलेलं एखादं शस्त्र लष्कराच्या हाती गेलं की दोन-तीन दिवस सगळ्या ग्रुपवर तेच फिरतं. नागास्त्र हे लक्ष्यावर जाऊन फुटणारं ड्रोन, पिनाका हे रॉकेट, मल्टी-मोड ग्रेनेड हा हातगोळा, सेबेक्स हे स्फोटक. मलाही अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. जवाहरनगरला प्रोपेलंट, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी दारू, आणि स्फोटकं, अंबाझरीला गोळ्यांची आणि रॉकेटांची धातूची कवचं, भद्रावतीला त्या कवचांत स्फोटकांची भराई, पुलगावला साठवण, आणि आता नागपूरच्या अमरावती रोडवर खासगी कारखाने. म्हणजे दारूगोळ्याचा जन्मापासून गोदामापर्यंतचा सगळा प्रवास आपल्या विदर्भातल्या चार जिल्ह्यांत होतो.

पण या मेसेजांमध्ये दोनच गोष्टी असतात. किती किलोमीटर जातो आणि टीएनटी या नेहमीच्या लष्करी स्फोटकाच्या किती पट जोर आहे. मी कोंढाळी-कारंजा पट्ट्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली बारावी झाली की सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतात आणि स्फोटकांच्या पॅकिंगला जातात. म्हणून मला तिसरी गोष्ट ऐकायची असते, आणि ती कोणी सांगत नाही. हा माल बनताना माणूस त्याच्यापासून किती लांब उभा होता?

कोणी म्हणेल, गुरुजी, हा भावनेचा मुद्दा झाला, तंत्रज्ञानाचा नाही. मी तर म्हणतो की दारूगोळ्याच्या तंत्रज्ञानाचा इतिहासच मुळात या प्रश्नाचा आहे. आणि तो आपल्या कापसापासून सुरू होतो.

जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीवर जी बारीक लव उरते, तिला लिंटर म्हणतात. लिंटर म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. आज बंदुकीच्या गोळीपासून तोफेपर्यंत जवळपास सगळीकडे गोळा पुढे ढकलणारी जी दारू असते, तिचा पाया हाच. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये ब्रिटनने जर्मनीकडे जाणारा कापूस युद्धसाहित्य म्हणून अडवायला सुरुवात केली, ती याचसाठी. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपातल्या दारूगोळा कारखान्यांनाही जाग आली, की आपला लिंटर मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो. आपल्याकडे मात्र बरीचशी सरकी लिंटर न काढताच घाण्यात जाते आणि ती लव ढेपेबरोबर गाई-म्हशींच्या पोटात जाते. आपल्या कापूस उत्पादकाला यात काही मिळू शकतं का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. तो नंतर कधीतरी.

1846 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने हा स्फोटक कापूस जगाला दाखवला. काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरदार आणि धूर जवळपास नाहीच. सगळे वेडे झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फॅवर्शॅमचा कारखाना उडाला, कामगार मेले. बाकीच्या देशांतही स्फोट झाले आणि ब्रिटनमध्ये हे उत्पादन कित्येक वर्षं बंद राहिलं. जोर तर पहिल्या दिवसापासून होता. अडचण अशी होती की कापसाचा तंतू आतून पोकळ असतो, त्या पोकळीत आम्ल अडकून राहतं, वरवर धुतल्याने निघत नाही, आणि तेच आम्ल पुढे मालाला आतून कुजवत स्फोटापर्यंत नेतं.

हा पेच सोडवला फ्रेडरिक एबल या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने. 1865 मध्ये त्याने त्या कापसाचा कागदाच्या लगद्यासारखा बारीक लगदा करून तो पुन्हा पुन्हा धुवायची पद्धत आणली. तंतू चिरला गेला आणि आतलं आम्ल बाहेर पडलं. मग 1868 मध्ये त्याचा सहायक ब्राउन याने दाखवून दिलं की हा माल ओला असतानाही कोरड्या मालाच्या छोट्या तुकड्याच्या स्फोटाने फोडता येतो. म्हणजे साठवण आणि वाहतूक ओल्या अवस्थेत करता येते, आणि ओला माल हाताळणाऱ्याला धोका फार कमी. ब्राउनचा हा शोध मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगतो. जोर तेवढाच राहिला, फक्त माल घडवणारा आणि वाहणारा माणूस वाचला. अशाच स्फोटांच्या मालिकेनंतर ब्रिटनमध्ये 1875 चा स्फोटक कायदा आला आणि आपल्याकडे 1884 चा. तो 1884 चा कायदा आजही चालू आहे, आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय कुठे आहे? आपल्या नागपुरात.

पुढची पायरी 1884 मध्येच फ्रान्समध्ये पडली. पॉल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवून त्याचं पीठ मळलं आणि त्याचे पत्रे काढून तुकडे केले. तंतूचा कापूस गेला, घट्ट शिंगासारखा पदार्थ आला. हा पदार्थ एकदम न फुटता थराथराने जळतो. यातून पुढे दाण्याच्या आकाराचं एक फार सुंदर शास्त्र उभं राहिलं. भरीव दाणा जळत गेला की लहान होतो, पृष्ठभाग कमी होतो आणि वायू कमी निघतो. पण दाण्याला आरपार एक भोक ठेवलं तर बाहेरून जेवढा पृष्ठभाग घटतो तेवढा आतून वाढतो. सात भोकं ठेवली तर जळताना पृष्ठभाग उलट वाढत जातो, म्हणजे गोळा नळीत पुढे सरकत असताना मागचा रेटा टिकून राहतो आणि सुरुवातीलाच नळीवर सगळा ताण येत नाही. हे दाणे चकलीच्या सोऱ्यातून काढावेत तसे साच्यातून दाबून काढतात आणि कापतात. जवाहरनगरसारख्या ठिकाणी जे काम चालतं त्याचा गाभा हाच आहे.

पण व्हिएलच्या दारूतही एक खोट होती. नायट्रोसेल्युलोज कितीही धुतलं तरी ते वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होतं, त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात आणि तेच पुढचं विघटन वाढवतात. फ्रान्सची इएना ही युद्धनौका 1907 मध्ये तुलाँ बंदरात अशाच जुन्या दारूमुळे उडाली, लिबर्ते 1911 मध्ये तिथेच. शेकडो खलाशी गेले. मग डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक नीट मिसळायची आणि साठ्यातला माल ठरावीक मुदतीने तपासायची पद्धत पक्की झाली. स्थिरक त्या ऑक्साइडांना पकडून ठेवतो. स्थिरक किती उरला ते मोजलं की कळतं, ही दारू अजून किती वर्षं ठेवता येईल.

हे मी फ्रान्सचं सांगतो आहे, पण वर्धेच्या माणसाला ते लांबचं वाटणार नाही. 31 मे 2016 ला मध्यरात्रीनंतर पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली. आजूबाजूची गावं रात्रीच रिकामी करावी लागली. आग विझवायला गेलेली माणसं परत आली नाहीत. दारू तयार झाली म्हणजे तिचं रसायन थांबत नाही, गोदामातही ते चालूच असतं. आणि मुदत संपलेला माल नष्ट करणं हेसुद्धा तेवढंच जोखमीचं काम आहे. 20 नोव्हेंबर 2018 ला पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानावर तसा माल नष्ट करताना 6 जण गेले, त्यांत रोजंदारीवर गेलेली आसपासच्या गावांतली माणसं होती.

आता आजच्या काळाकडे येतो. 1967 मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवर आग लागली, जुने बॉम्ब आगीत तापून काही मिनिटांत फुटू लागले आणि 134 जण मेले. त्यानंतर कमी संवेदनशील दारूगोळा नावाची एक अख्खी शाखा वाढली. आगीत सापडला, गोळी लागली, शेजारचा बॉम्ब फुटला तरी हा माल स्फोट न होता फार तर जळावा, अशी त्याची कसोटी. अमेरिकेने 2010 मध्ये तोफगोळ्यांत टीएनटीच्या जागी आयएमएक्स-101 हे मिश्रण मंजूर केलं, ते यासाठीच. मारक शक्ती साधारण टीएनटीएवढीच, पण अपघाताला सहज बळी न पडणारं. माझ्या मते गेल्या पन्नास-साठ वर्षांतला या क्षेत्रातला सगळ्यात मोठा शोध हा आहे, आणि आपल्या फॉरवर्ड मेसेजमध्ये त्याचं नावही नसतं.

आपला मल्टी-मोड ग्रेनेडही याच नजरेने बघा. पहिल्या महायुद्धातल्या रचनेचा 36 नंबरचा ग्रेनेड आपण कालपरवापर्यंत वापरत होतो. डीआरडीओच्या चंदीगडच्या प्रयोगशाळेने नवा ग्रेनेड घडवला, आपल्या नागपूरच्या खासगी कारखान्याला 10 लाख नगांचं काम मिळालं आणि ऑगस्ट 2021 मध्ये पहिला साठा लष्कराकडे गेला. बिडाच्या कवचाचे कसेही तुकडे उडण्याऐवजी आधीच घडवलेले सारखे तुकडे, बचाव आणि चढाई अशा दोन्ही रूपांत वापरता येणारी रचना, आणि फेकणाऱ्या जवानाच्या हातात तो जास्त भरवशाचा. जवानाच्या हाताची इतकी काळजी आपण घेऊ शकतो, म्हणजे अक्कल आपल्याकडे आहे. पैसाही आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये एकट्या पिनाकाच्या रॉकेटांसाठी 10,147 कोटींचे करार झाले.

मग आपल्याकडच्या कारखान्यांतल्या स्फोटांच्या तारखांची आणि त्यांत गेलेल्या माणसांची ही यादी वाचा. 17 डिसेंबर 2023, बाजारगाव, 9 जण, त्यातल्या 6 बाया. जून 2024, धामणा, पुन्हा पॅकिंगचं काम आणि पुन्हा बहुतेक तरुण मुली. 24 जानेवारी 2025, जवाहरनगर, 8 जण. यातला काही माल लष्कराचा, काही खाणींसाठीचा, पण मरणाऱ्याला त्याने काय फरक पडतो. मी कोणत्या कंपनीवर किंवा अधिकाऱ्यावर आरोप करायला बसलेलो नाही, ते चौकशीचं काम आहे. माझं म्हणणं रसायनशास्त्राच्या बाजूने आहे. ज्या खोलीत स्फोटक आहे त्या खोलीत माणूस नसेल तर स्फोटात भिंत पडते, जीव जात नाही.

आणि हे शक्य आहे. जगात ते होतं आहे. मोठ्या भांड्यात शेकडो किलो माल एकदम मळण्याऐवजी जुळ्या स्क्रूच्या यंत्रातून थोडा थोडा माल सतत पुढे जातो, त्यामुळे एका क्षणी यंत्रात फार कमी स्फोटक असतं आणि चालवणारा भिंतीपलीकडे पडद्यावर बघत असतो. पात्याने घुसळण्याऐवजी ध्वनीच्या कंपनाने मिसळणारी यंत्रं आली आहेत, त्यांत स्फोटकाला घासणारा भागच नसतो. भराई, दाबणं, वजन करणं, डबे बंद करणं, ही कामं रोबोट करू शकतो. गाडीच्या कारखान्यात तो केव्हाच करतो आहे.

इथे एक जण मला हमखास अडवतो, आणि तो माझा विरोधक नसतो, एखाद्या मुलीचा बाप असतो. तो म्हणतो, "सर, मशीन आली त पोरीचं काम जाईन. मंग खाईन काय? संत्र्याले भाव नाही, कापसाले भाव नाही." हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी टाळत नाही. पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात मुलींना महिन्याचा पगार देणारं दुसरं काय आहे, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण यंत्र चालवायला माणूस लागतोच. प्रत्येक बॅचचा नमुना तपासायला, स्थिरक मोजायला, कॅमेऱ्याचा पडदा बघायला, सेन्सर दुरुस्त करायला लागतो. मोलही कराराच्या हेल्परपेक्षा जास्त. फक्त त्यासाठी शिक्षण लागतं, आणि ते शिक्षण कोंढाळीत, काटोलात, भद्रावतीत मिळत नाही. माझ्या प्रयोगशाळेत टायट्रेशनला हात इतका स्थिर ठेवणाऱ्या मुली आहेत की कोणत्याही कारखान्याच्या लॅबने त्यांना उचलावं. त्या बारावीनंतर डबे भरायला जातात. हजारो कोटींच्या ऑर्डरी ज्या तालुक्यांत येतात तिथल्या आयटीआयमध्ये स्फोटक रसायनांची तपासणी आणि स्वयंचलित यंत्रं चालवण्याचा एक अभ्यासक्रम सुरू करायला काय अडचण आहे? कारखान्यांनी यंत्रं द्यावीत, सरकारने शिक्षक द्यावेत. मी रसायनाचा भाग फुकट शिकवायला तयार आहे, हे इथे लिहून देतो.

आणि तोपर्यंत, ज्यांच्या घरातून कोणी अशा कामाला जातं त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. परवाना देताना प्रत्येक शेडसाठी दोन आकडे ठरवलेले असतात, आत जास्तीत जास्त किती स्फोटक ठेवायचं आणि एकावेळी जास्तीत जास्त किती माणसं असायची. त्याला मॅन लिमिट म्हणतात आणि ते शेडच्या बाहेर लिहिलेलं असायला पाहिजे. तुमच्या मुलीला विचारा, तिच्या शेडबाहेर कोणता आकडा आहे आणि आत खरोखर किती जणी बसतात. पायात कंडक्टिव्ह, म्हणजे अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारे, बूट आहेत का, सुती कपडेच घालायला लावतात का, मोबाइल गेटवर जमा होतो का, कामाला लावण्याआधी किती दिवस शिकवलं, विजा कडाडू लागल्या की शेड रिकामं करतात का. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात विजा काय असतात ते तुम्हाला सांगायला नको. आकडा आणि माणसं जुळत नसतील तर मला मेसेज करा. मुलीचं नाव कुठेही येणार नाही, पेसोच्या नागपूर कार्यालयात अर्ज मी माझ्या नावाने देईन.