बॅटमॅन कधीच मारत नाही? सुरुवातच ॲसिडच्या टाकीपासून झाली होती

बॅटमॅनच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. नवा सिनेमा जाहीर झाला की त्याला पुन्हा पालवी फुटते. त्याचा गाभा असा: खरा बॅटमॅन कुणाचाही जीव घेत नाही. आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत झाल्यामुळे पहिल्या दिवसापासून त्याचा हा नियम आहे. मायकल कीटनपासून ख्रिश्चन बेलपर्यंत पडद्यावरच्या सगळ्या बॅटमॅननी तो पाळला, आणि २०१६मध्ये 'बॅटमॅन व्ही सुपरमॅन'मध्ये दिग्दर्शक झॅक स्नायडर आणि नट बेन ॲफ्लेक यांनी तो मोडला. शेपटाला आणखी दोन गोष्टी जोडलेल्या असतात. साठच्या दशकातल्या टीव्ही मालिकेतल्या ॲडम वेस्टने बॅटमॅनचं माकड केलं, आणि कॉमिक्सशी इमान राखलं ते एकट्या दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलानने.

आधीच सांगून टाकतो, ॲफ्लेकच्या त्या सिनेमाची वकिली मला करायची नाही. दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा वैतागलो. पण ज्या गुन्ह्यासाठी त्याला फासावर चढवलं जातं, त्याच गुन्ह्यासाठी मग बाकीच्यांनाही रांगेत उभं करावं लागेल.

"पहिल्या दिवसापासून" हे तर सरळसरळ चूक आहे. बॅटमॅन अवतरला १९३९मध्ये, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. चित्रं बॉब केनची, गोष्ट बिल फिंगरची. त्या पहिल्याच गोष्टीच्या शेवटी बॅटमॅनच्या ठोशाने खलनायक कठड्यावरून ॲसिडच्या टाकीत पडतो, आणि आपला नायक काय म्हणतो? अशा माणसाचा शेवट असाच व्हायचा! पश्चात्तापाचा लवलेशही नाही. पुढे काही महिन्यांतच तो चांदीच्या गोळ्या बनवतो आणि शवपेटीत झोपलेल्या रक्तपिपासूंना पिस्तुलाने मारतो. १९४०च्या वसंतात त्याच्या स्वतःच्या नावाचं नियतकालिक निघालं. त्याच्या पहिल्या अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. माणसाचा जीव घ्यायला मला कितीही नकोसं वाटलं तरी आज इलाज नाही, असं म्हणतो आणि चालवतो.

इथे एक मजेची गोष्ट आहे. आईवडिलांच्या खुनातून नियम जन्माला आला म्हणतात, पण तो खूनच कॉमिक्समध्ये आला 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३३व्या अंकात, म्हणजे बॅटमॅन सहा महिने गुंडांना लोळवून झाल्यावर. मशीनगन तर त्याच्याही नंतरची. मग नियम आला कुठून? संपादकाच्या टेबलावरून. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी फिंगरला बजावलं की यापुढे बॅटमॅनच्या हातात बंदूक नको. त्याच सुमाराला बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन आला होता आणि वाचणारी पोरं दहा-बारा वर्षांची होती. नियमामागचं दुःख, शपथ, तत्त्वज्ञान हे सगळं नंतरच्या लेखकांनी रचलं. आणि छान रचलं, यात वाद नाही. आज बॅटमॅन आणि त्याचा हाडवैरी जोकर यांच्यातलं सगळं नाट्य त्या नियमावरच उभं आहे. पण कमावलेली गोष्ट जन्मजात म्हणून सांगू नये.

आता "कीटनपासून बेलपर्यंत सगळ्यांनी पाळला". हे लिहिणाऱ्याने ते सिनेमे पाहिले आहेत की फक्त पोस्टरं?

टिम बर्टनच्या १९८९च्या सिनेमासाठी कीटनचं नाव जाहीर झालं तेव्हा वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग पडला होता. हा विनोदी नट, याला बॅटमॅन कसला झेपतोय, ही तक्रार. प्रत्यक्षात त्याने साकारला तो पडद्यावरचा सर्वांत थंड बॅटमॅन. रिमोटवर चालणारी आपली गाडी, बॅटमोबिल, तो जोकरच्या केमिकलच्या कारखान्यात घुसवतो, बॉम्ब टाकतो आणि आतल्या गुंडांसकट कारखाना उडवून देतो. चर्चच्या मनोऱ्यात जोकरला तोंडावर सांगतो की मी तुला ठार मारणार आहे. आणि शेवटी त्याच्या पायाला दोर अडकवून दगडी पुतळ्याला बांधतो. पुतळा निखळतो, जोकर खाली. १९९२च्या पुढच्या भागात तर एका गलेलठ्ठ गुंडाच्या अंगावर बॉम्ब अडकवतो आणि चक्क हसतो. तोच बॅटमॅन त्याच सिनेमाच्या शेवटी मुखवटा फाडून मांजरीच्या वेषातल्या कॅटवूमनला विनवतो की तिच्या वैरी उद्योगपतीचा जीव घेऊ नकोस. बर्टनला यातली विसंगती दिसली असेल असं मला तरी वाटत नाही. त्याला बॅटमॅनच्या गॉथम शहराचे कळकट मनोरे दिसत होते आणि ते त्याने अप्रतिम दाखवले. पहिल्या भागाला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं ते उगीच नाही.

व्हॅल किल्मर १९९५मध्ये रॉबिनला सूडावर प्रवचन देतो आणि अखेरीस खलनायक टू-फेसवर मूठभर नाणी उधळून त्याचा तोल घालवतो. टू-फेस मरतो. जॉर्ज क्लूनीच्या १९९७च्या सिनेमात बॅटमॅन कुणाला मारत नाही, प्रेक्षक सोडून.

राहिला बेल, म्हणजे नोलानचा बॅटमॅन. नोलानचे तिन्ही सिनेमे मला मनापासून आवडतात, म्हणूनच हा मुद्दा जरा सविस्तर. नोलानचा बॅटमॅन नियम पाळत नाही, नियमाविषयी बोलतो. २००५च्या पहिल्या भागात तो ज्या मठात लढायला शिकतो, तिथे त्याला एका खुनी शेतकऱ्याचं मुंडकं उडवायला सांगतात. तो बाणेदारपणे नकार देतो आणि अख्खा मठ पेटवतो. छत कोसळतं, माणसं मरतात, आणि ज्या कैद्यासाठी हे सगळं रामायण घडलं तो पुन्हा दिसतच नाही. शेवटी धावत्या ट्रेनमध्ये खलनायक रा'ज अल गुलला म्हणतो, मी तुला मारणार नाही, पण वाचवायलाही मी बांधील नाही. ही ट्रेन रुळावरून कोसळावी अशी व्यवस्था कुणी केली होती? यानेच! ही निव्वळ वकिली पळवाट झाली. २००८च्या दुसऱ्या भागात जोकरला तो इमारतीवरून पडताना वाचवतो, तिथे नियम खरोखर कसाला लागतो, आणि लगेच पुढच्या प्रसंगात हार्वी डेंटला, म्हणजे सूडाने पिसाटलेल्या सरकारी वकिलाला, ढकलतो आणि डेंट मरतो. हे मात्र सिनेमाला कळलेलं आहे. डेंटने केलेले खून बॅटमॅन स्वतःच्या माथी घेतो, पळत सुटतो, आणि तिसऱ्या भागापर्यंत आठ वर्षं घरात बसून राहतो. कृत्याची किंमत मोजणं म्हणतात ते हेच.

पण म्हणून "कॉमिक्सशी इमान"? नोलानचा ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, निवृत्त होतो आणि गॉथम सोडून फ्लॉरेन्सच्या कॅफेत बसतो. हीथ लेजरचा जोकर चेहऱ्याला रंग फासतो. कॉमिक्समधला जोकर १९५१पासून रसायनात पडून पांढरा झालेला आहे, आणि तसा दाखवला तो बर्टनने. नोलान थोर आहे तो स्वतःचं काहीतरी रचल्यामुळे. त्याला इमानदारीचं प्रमाणपत्र चिकटवलं की त्याचंच श्रेय कमी होतं.

ॲडम वेस्टवरचा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. १९५४मध्ये अमेरिकन कॉमिक्सवर आचारसंहिता आली, आणि पुढच्या काळात बॅटमॅनने कॉमिक्समध्येच इंद्रधनुषी पोशाख घातले, अंगावर झेब्र्याचे पट्टे मिरवले. वेस्टच्या मालिकेचा पहिला भागसुद्धा १९६५च्या कॉमिक्समधल्या, रिडलर या खलनायकाच्या गोष्टीवरून घेतलेला आहे. माकड झालंच असेल तर ते आधी कागदावर झालं होतं.

आणि १९६६चा सिनेमा पुन्हा पाहा. वेस्ट एका गुत्त्यात सापडलेला, पेटलेल्या वातीचा भलामोठा बॉम्ब डोक्यावर धरून धक्क्यावर धावतो आहे. टाकायला जावं तिकडे कुणीतरी आडवं येतं: नन्स, बाबागाडी ढकलणारी आई, होडीतलं प्रेमी युगुल. समुद्रात टाकावा तर बदकाची पिल्लं! रॉबिन म्हणतो, त्या गुत्त्यातले तर दारुडे होते. बॅटमॅन उत्तरतो, दारुडे असतील, पण माणसंच आहेत ना ती. हसून मुरकुंडी वळते हे कबूल. पण 'जीव घ्यायचा नाही' हा नियम इतक्या काटेकोरपणे पाळणारा दुसरा बॅटमॅन मोठ्या पडद्यावर शोधून दाखवा. (त्याच सिनेमात खलनायक पेंग्विनचे भुकटीतून उभे केलेले गुंड ठोसा लागताच हवेत विरून जातात. तेवढं सोडून देऊ.)

आता ॲफ्लेक. गाड्या उडवतो, गुंडांवर तापल्या लोखंडाने वटवाघळाचा डाग देतो, सगळं खरं. पण हा माणूस ढळला आहे असं सिनेमाच सांगतो. त्याचा नोकर आल्फ्रेड त्याला सांगतो की असहायतेची भावना चांगल्या माणसांना क्रूर बनवते. कीटनच्या आल्फ्रेडने कारखाना उडवल्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मग माझी तक्रार काय? सुपरमॅनच्या आईचं नाव ऐकून या बॅटमॅनचं मन पालटतं म्हणे, आणि पुढच्या काही मिनिटांत तो गोदामात शिरून पहिल्यासारखाच माणसं मारतो. आगीचा झोत सोडणाऱ्या गुंडाच्या टाकीवर तर गोळी झाडतो. शेवटी खलनायक लेक्स ल्यूथरला डाग न देता सोडतो, तेवढीच काय ती सुधारणा. सिनेमाने प्रश्न विचारला आणि उत्तराच्या वेळी त्याला हाणामारीची घाई झाली.

हाच प्रश्न मॅट रीव्ह्जच्या २०२२च्या सिनेमात नीट हाताळला आहे, आणि त्या मजकुरात रॉबर्ट पॅटिन्सनचा उल्लेखही नसतो. सुरुवातीला स्टेशनवर टोळक्याने विचारलं, तू कोण, तर तो म्हणतो, मी सूड. शेवटी हिरवं औषध टोचून घेऊन तो एका पडलेल्या माणसाला बेभान बडवत असतो. पोलीस अधिकारी गॉर्डनला त्याला ओढून बाजूला करावं लागतं. त्या माणसाचा मुखवटा काढून त्याला विचारलं जातं, तू कोण? तो म्हणतो, मी सूड. यावर पॅटिन्सन काही बोलत नाही. सभागृहात पाणी भरत असतं. तो केबल कापतो, पाण्यात पडतो, लाल मशाल पेटवतो आणि अडकलेल्या लोकांकडे चालू लागतो.