कातर रे भाजी

रात्री साडेआठनंतर आमच्या सोप्यावर चपला वाजल्या की बायको मालिकेवरची नजर न काढता सांगते, "तुमचं गिऱ्हाईक." दार उघडायच्या आधीच पुढचा संवाद मला पाठ असतो.

"भाई, फाल्यां आसा."

"कितें?"

"भाशण."

"कोणाचेर?"

इथं मात्र ती माउली चिरंजीवांकडे बघते, चिरंजीव दप्तरातून डायरी काढतात आणि डायरीतून टीचरनं आठ दिवसांपूर्वी लिहून दिलेलं नाव निघतं. आठ दिवस ते नाव तिथं लोणच्यासारखं मुरत पडलेलं असतं. ते बाहेर काढायचा मुहूर्त नेमका आदल्या रात्रीचा (फाल्यां म्हणजे उद्या), आणि बरणी आणायची ती माझ्या दारात.

मी मराठीचा मास्तर नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. पण आम्ही गोव्यातल्या अंत्रुज महालातले, म्हणजे फोंड्याकडचे. इथं माणूस घरात कोकणीत भांडतो, देवळात मराठीत आरती म्हणतो आणि जत्रेला मराठीत नाटक करतो. अशाच एका जत्रेत मी 'एकच प्याला'तला तळीराम केला. गडकऱ्यांच्या वाक्यांना टाळ्या पडल्या आणि त्या सगळ्या माझ्या खात्यावर जमा झाल्या. "तुमकां मराठी येता न्हय!" हे तेव्हापासूनचं. तळीराम हा मराठी रंगभूमीवरचा सर्वांत नामांकित दारुडा आहे, मुलांच्या संस्काराचं काम त्याच्याकडे सोपवू नये, असं आमच्या वाड्यावर एकालाही वाटलं नाही. उलट गांधी जयंतीसाठी 'व्यसनमुक्ती: काळाची गरज' हे भाषण न्यायला आलेल्या एका सद्गृहस्थानं मानधन म्हणून काजूफेणीची बाटली आणली होती. घरची होती, नाही म्हणवेना.

माझं पीक वर्षभर चालतं. सुरुवात १८ जूनला, क्रांतिदिनानं. १९४६ साली त्या दिवशी डॉ. लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. ते खरं तर आसोळण्याला मित्राच्या घरी विश्रांतीला आले होते. हे वाक्य मी दर वर्षी घालतो आणि दर वर्षी शाळेतून ते कापून येतं, कारण थोर माणूस विश्रांती घेत नसतो. मग १ ऑगस्टला टिळक, सप्टेंबरात शिक्षक दिन, डिसेंबरात मुक्तिदिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिन की मी मोकळा. त्यात अधूनमधून 'हुंडा: एक कलंक', 'स्त्री-पुरुष समानता' आणि 'मोबाईल: शाप की वरदान' ही आंतरपिकं.

इतकी वर्षं लिहून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. तीन मिनिटांच्या भाषणात सगळी थोर माणसं एकाच आईच्या पोटी जन्माला येतात. जन्म गरीब घरात. अभ्यास दिव्याखाली. नदी असेल तर पोहून पार. मग अन्यायाची चीड, मग त्याग, आणि शेवटी 'असा महापुरुष पुन्हा होणे नाही'. टिळकांना शेंगांची टरफलं असतात म्हणून ते तरी वेगळे ओळखू येतात. बाकीच्यांची नावं आपसांत बदलली तरी परीक्षकांना पत्ता लागायचा नाही. एकदा बदललीही होती, चुकून. दोन्ही मुलं बक्षीस घेऊन आली.

दोष माझा एकट्याचा नाही. एकशे ऐंशी सेकंदांतले चाळीस 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' यातच जातात. महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले. उरलेल्या वेळाचा हिशेब केला तर वर्षाला दीड सेकंदही वाट्याला येत नाही. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, ते वाक्य बोलायलाच तीन सेकंद लागतात, म्हणजे दोन वर्षं खर्ची.

आणि घरातल्या घरात मला एक खासगी परीक्षक आहे. मी लिहिलेलं मोठ्यानं वाचतो, कुठं अडखळायला होतं ते कळावं म्हणून. बायको स्वयंपाकघरातून ऐकते. गेल्या साली सांखवाळचे धर्मानंद कोसंबी आले होते. मी रंगात आलो होतो. शिक्षण नावापुरतं, घरची शेती-बागायत, आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचाच या ध्यासानं हा माणूस १८९९ साली घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, गया, सिंहलद्वीप, आणि पुढे थेट अमेरिकेतलं हार्वर्ड. माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला. मी थांबलो. आतून आवाज आला, "लग्न झालं होतं?"

"झालं होतं."

"मूल?"

"एक मुलगी. तान्ही."

कढईवर उलथनं दोनदा आपटल्याचं ऐकू आलं. "मग हे सिंहलद्वीपात असताना घरात भाजी कोण कातरत होतं?"

कोसंबींबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र मी वाचलं आहे, आणि तो माणूस स्वतःच्या बाबतीत किती निष्ठुर खरं लिहितो ते मला माहीत आहे. पण 'भाजी कोण कातरत होतं' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तेव्हापासून तो प्रश्न घरात कायमचा राहायला आला. कर्व्यांचं नाव काढलं तर म्हणते, "एकशे चार वर्षं जगले म्हणजे जेवण वेळेवर मिळत असणार." त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांनी 'माझे पुराण' लिहून स्वतःची बाजू मांडून ठेवली आहे, हे मी तिला सांगितलं. त्यावर तिनं विचारलं, "त्यांच्यावर भाषण मागायला कोण आलं आजवर?" कोणी आलं नव्हतं.

या वादावर घरात एक तोडगा निघाला. मी भाषण लिहायचं, पण लिहिता लिहिता भाजीही मी कातरायची. जानेवारीत आमच्याकडे तांबड्या भाजीचे दिवस. त्यात गिऱ्हाईकं मानधनही तांबड्या भाजीच्या जुड्यांत देतात. म्हणजे भाषण जितकं लांब, तितकी भाजी जास्त. आदोळीवर, म्हणजे विळीवर बसून, हात लालभडक करून घेऊन मी मुलांना वाक्यं सांगतो आणि ती लिहून घेतात. एका मुलाची वही बघून टीचरनं घरी निरोप पाठवला होता, की पानांवर रक्ताचे डाग कसले.

लिहून दिलं की संपलं असं नसतं. पाठांतर हे स्वतंत्र अरिष्ट आहे. भाषा दिनाला फादर स्टीफन्स हटकून येतो. माणूस इंग्रज, गोव्यात येऊन मराठी शिकला, दहा हजारांवर ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं, आणि १६१६ साली रायतूरला ते रोमन लिपीत छापून निघालं. त्यातली 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही ओवी आल्याशिवाय भाषण पुरं होत नाही. हरळ म्हणजे खडे हे मी तीन वेळा समजावलं. तरी आमच्या सहावीतल्या वक्त्यानं भरसभेत खणखणीत आवाजात सांगितलं, "जैसी अळसांद्यांमाजी रत्नकिळा!" अळसांदे म्हणजे आमच्याकडची चवळी. वाक्यात मराठीचं कौतुक तसंच राहिलं, फक्त उसळ झाली.

तर, सावित्रीबाई.

शेजारची पाचवीतली मुलगी. आई कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते, पहिल्या पाळीला. ती माउली रात्री दोन जुड्या तांबडी भाजी आणि मुलगी माझ्या ताब्यात देऊन झोपायला गेली, कारण तिला पहाटे उठायचं होतं. मुलगी हुशार, पण व्यासपीठ दिसलं की पाटी कोरी. दोनदा भाषण म्हटलं, दोन्ही वेळा भिडे वाड्याच्या दारात अडकली. 'सन १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात...' आणि पुढे शून्य.

"भाईमामा, म्हाका भंय दिसता."

मी भाजी कातरत होतो. समोर आदोळी, हातात देठ. साहजिकच मला आबे फारिया आठवला. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्याचा पुतळा आहे, एक बाई कोसळते आहे आणि तिच्यावर हात पसरून एक पाद्री उभा आहे. कांदोळीचा माणूस, जन्म १७५६. संमोहनाची झोप ही झोपवणाऱ्याच्या हातात नसून झोपणाऱ्याच्या मनात असते, असं त्यानं युरोपला सांगितलं. वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक बघितले की मला हे तंतोतंत पटतं. त्याच्यावर मात्र मी भाषण देत नाही. आई-वडील वेगळे झाले, वडील पाद्री झाले, आई सांता मोनिका मठात गेली, हे 'गरीब घरात जन्म'च्या साच्यात कुठंच बसत नाही.

पण त्याची एक गोष्ट गोव्यात पोरासोरांना ठाऊक असते, ती मी तिला सांगितली. तरुण फारिया पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि समोरची ती बडी मंडळी बघून त्याची बोबडीच वळली. तेव्हा जवळ बसलेला बाप हळूच कोकणीत म्हणाला, "ही सगळी भाजी! कातर रे भाजी!" आणि पोरगा सुटला.

"म्हणजे ती माणसं भाजी?" तिनं विचारलं.

"सगळी. अध्यक्षसुद्धा."

ती हसली, भीती थोडी सैल झाली. ठरलं असं, की मी पहिल्या रांगेत बसणार. अडली की तिनं माझ्याकडे बघायचं, मी 'कातर गो भाजी' म्हणणार.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी गेलो. तिच्या आईला पाळी बदलून मिळाली नव्हती. सभागृहात पंखे दोन, सावित्रीबाई सतरा. नऊवारी, आडवं कुंकू, हातात पुस्तक. मी लिहून दिलेल्या त्यातल्या पाच. पाचही जणी जन्म नायगावचा, ३ जानेवारी १८३१ असं एकाच सुरात सांगून गेल्या. परीक्षक फारियाच्या सिद्धांताप्रमाणे स्वतःच्या मनानं झोपेच्या वाटेवर होते.

आमची अकरावी. सन्माननीय व्यासपीठ झालं. नायगाव झालं. जोतीरावांनी घरीच शिकवलं, झालं. 'सन १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात...'

शांतता. तिनं माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले. तिला कळेना. मी जरा पुढे झुकलो. नाटकवाल्याचा आवाज, कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत पोचतो. "कातर गो भाजी!"

सगळी सभा माझ्याकडे वळली. आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर सुटकेचं तेज आलं. विसरलेलं वाक्य मिळाल्याचं.

"सावित्रीबाई रोज सकाळी उठून भाजी कातरत," ती म्हणाली.

मी डोळे मिटले. एक परीक्षक जागे झाले.

"भाजी कातरून झाली की मग त्या शाळेत शिकवायला जात. वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकत. म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या." हे माझंच होतं, पण क्रम तिचा होता. आता तिला थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं. "माझी आईपण भाजी कातरून सहाच्या बसनं कुंडईला जाते. तिच्यावर कोण शेण टाकत नाही. पण पावसात गाड्या चिखल उडवतात, म्हणून तीपण पिशवीत दुसरा ड्रेस नेते. सावित्रीबाई प्लेगच्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि मग त्यांनाच प्लेग झाला. माझी आई मला ताप आला तेव्हा पाठीवर घेऊन गेली होती. तिला काय झालं नाही." घंटा वाजली. 'असा महापुरुष पुन्हा होणे नाही' राहूनच गेलं. जय हिंदसुद्धा.

तिसरा नंबर आला. चहाच्या वेळी ते जागे झालेले परीक्षक मला शोधत आले. "माहिती चांगली होती. पण तो भाजीचा संदर्भ कुठल्या चरित्रात आहे?"

मी आवक-जावकवाला माणूस. संदर्भ क्रमांक विचारला की माझी जीभ आपोआप चालते. "अजून नोंद व्हायची आहे," मी म्हणालो. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. रात्री तिनं उरलेली एक जुडी स्वतः कातरली. इतक्या वर्षांत मला मिळालेला हा एकमेव पुरस्कार, म्हणून नोंदवून ठेवतो.

तो आनंद आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी साडेआठला सोप्यावर चपला वाजल्या. वरच्या वाड्यावरची बाई, सोबत चौथीतला चिरंजीव, हातात भाजीच्या तीन जुड्या.

"भाई, फाल्यां आसा. तें भाजयेचें भाशण आमच्या चल्याकूय दिया. नंबर येता म्हण आयकलां."

"तें सावित्रीबाईचेर आसलें."

"कळ्ळां. तुमी फकत नांव बदलात. आमकां टिळक आयल्यात."

मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "त्यांना सांगा, टिळकांनी टरफलं उचलली नाहीत, ते भाजी काय कातरणार!" आणि पाठोपाठ दारातून आदोळी सरकत माझ्या पायाशी आली.