नंबराला लावलाय

यंदा आमच्या घरातली दोन कामं नंबराला होती. आप्पांचा दोन एकर आडसाली ऊस कारखान्याच्या नोंदीत आणि माझा एक जॉब, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेलं काम, विद्यापीठाच्या क्लस्टरवर. ऊस सांगलीजवळ कसबे डिग्रजच्या नदीकाठच्या मळीत उभा राहून तुरे काढत होता. माझा जॉब कुठे उभा होता ते दिसत नव्हतं, पण तुरे त्यालाही फुटले असावेत.

पीएचडीसाठी मी कृष्णेच्या पुराचं मॉडेल करतोय. कराडच्या प्रीतिसंगमापासून हरिपूरच्या संगमापर्यंत नदीचे बारीक तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात पाणी कधी, किती चढलं याचं गणित सोडवायचं. हे लॅपटॉपवर लावलं की पंखा असा घरघरतो, की आई तव्यावरची भाकरी सोडून बघायला येते. म्हणून क्लस्टर. खोलीभर कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले आणि त्यांच्यावर टपलेली सगळी विद्यापीठाची पोरं. किती नोड, म्हणजे यातले किती कॉम्प्युटर हवेत, किती तास हवेत, हे एका स्क्रिप्टमध्ये लिहून द्यायचं आणि पाळीची वाट बघायची. पाळ्या लावतं ते 'स्लर्म' नावाचं सॉफ्टवेअर, म्हणजेच शेड्युलर. २००२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ते जन्मलं. त्याच्या मूळ लांबलचक नावातला पहिला शब्द 'सिंपल' आहे.

मागायला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर मी ४ नोड मागितले, प्रत्येकी ४८ कोअरचे, म्हणजे एकेकात गणित करणारे ४८ मेंदू, ७२ तासांसाठी. 'एसबॅच' ही कमांड देऊन जॉब रांगेत लावला, जॉब नंबर आला. रांग दाखवणारं 'एसक्यू' करून पाहिलं, तर नावापुढे 'पीडी'. म्हणजे पेंडिंग. कारण : प्रायॉरिटी, म्हणजे पुढे दुसऱ्यांची कामं. चहा पिऊन आलो. पीडी. जेवून आलो. कारण बदललं होतं : रिसोर्सेस, म्हणजे आता फक्त नोड मोकळे व्हायचे होते. एवढ्यानेही मला बरं वाटलं.

सांगलीच्या माणसाला नजर ठेवायची सवय असतेच. ऑगस्ट लागला की आम्ही आयर्विन पुलाखाली किती फूट झालं, हे नाडी बघावी तसं बघतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका. त्याच सवयीने मी 'वॉच' लावून ठेवलं. ते दर २ सेकंदांनी रांग विचारत बसलं. तिसऱ्या दिवशी अ‍ॅडमिनचा मेल आला : काही जण एसक्यू सतत चालवत असल्याने शेड्युलरवर ताण येतोय, कृपया टाळावे. 'काही जण' हे आदरार्थी बहुवचन होतं.

"झाली का रं तोड?" रात्री आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा, पीडीच आहे."

"चिटबॉय काय म्हणतोय?"

चिटबॉय म्हणजे कारखान्याचा तोडीच्या पाळ्या लावणारा माणूस. आमच्याकडे तो नसतो, सगळं सॉफ्टवेअर करतं, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "मग खुशाली कुणाला द्यायची?"

खुशाली, म्हणजे तोडीसाठी द्यायची चिरीमिरी, चालत नाही म्हटल्यावर ते जरा गंभीर झाले. मग मी त्यांना फेअरशेअर समजावलं. आमच्या लॅबच्या खात्यावर एका सिनियरने महिनाभर जॉब हाणलेत, त्यामुळे आख्ख्या खात्याची पत घसरली आहे.

"म्हंजे भावकीनं आधीच पाणी वापरलं आन् तुझी पाळी लांबली."

इतकं सोपं करून मला आमच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. जुना वापर हळूहळू विसरला जातो, सेटिंग बदललं नसेल तर दर ७ दिवसांनी तो निम्मा धरतात, हेही सांगून टाकलं.

"भावकी इतक्या लौकर न्हाय इसरत," आप्पा म्हणाले आणि झोपायला गेले.

५३ तासांनी जॉब लागला. पीडी जाऊन आर, म्हणजे रनिंग, आला. मी आईला हाक मारून दाखवला. आई म्हणाली, "बरं झालं बाई." आणि ४ सेकंदांत जॉब यादीतून गेला. आउट फाइल उघडली. नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. सरांनी फाइलच्या नावात कृष्णेचं स्पेलिंग आर-आय असं केलेलं, मी स्क्रिप्टमध्ये आर-यू. ज्या नदीचं पाणी आजवर प्यायलो, तिचं नाव चुकलं म्हणून ५३ तास पाण्यात.

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं. "काम किती तासाचं हाय?"

"आठ-नऊ."

"मग बहात्तर कशाला मागितलंस? आख्खी टोळी मागितली तर बसवणारच की. धा गुंठंवाला मधी घुसून तोडून जातुया."

याला आमच्यात बॅकफिल म्हणतात. मोठ्या जॉबसाठी नोड गोळा होत असतात, तोवर काही मोकळे बसतात. मोठ्याची वेळ पुढे ढकलली जाणार नसेल, तर तेवढ्यात संपणारं छोटं काम शेड्युलर आत सोडतो. हे मॅन्युअलमध्ये होतं. मॅन्युअल मी वाचलेलं नव्हतं.

मग हावरटपणा सोडून मी एकदम विरक्तीच पत्करली. १ नोड, ६ तास. त्याच रात्री लागला आणि पहाटे बरोबर ६ तासांनी मान मुरगळली : ड्यू टू टाइम लिमिट. झालेलं काम मधेमधे जतन करणारा चेकपॉइंट ठेवला नव्हता, म्हणजे रिकाम्या हाती घरी. परत लावला, १२ तास मागून.

त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन वाजला. चिटबॉय. उद्या तोड. पहाटे टोळी आली, आम्ही दोघं रानात. सपासप कोयते चालले होते, म्हशीसाठी दोन भारे वाढं आप्पा मुकादमाकडून सोडवून घेत होते आणि माझ्या खिशात मोबाइल थरथरला. जॉब कम्प्लीटेड, एक्झिट कोड शून्य, म्हणजे काही न चुकता. बांधावर बसूनच सरांच्या सर्व्हरवरचा नकाशा उघडला. २०१९ चा पूर, आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं तो. निळा रंग डिग्रजच्या मळीत शिरलेला, आमच्या विहिरीपर्यंत. मी मोबाइल आप्पांपुढे धरला.

त्यांनी बोटाने विहीर शोधली, डोळे बारीक केले.

"पाणी थारोळ्यापतुरच दाखवतंय."

"हो."

"थारोळ्याच्या वर दोन हात हुतं. मोटरची पेटी काढायला मी सोता गेलो हुतो. तुझं मशीन कमी सांगतंय."

नदीपात्राचा खडबडीतपणा मी कमी धरला असणार. तो सांगणारा मॅनिंगचा आकडा थोडा वाढवायला हवा. घरी येऊन वाढवला, स्पेलिंग दोनदा तपासलं, एसबॅच केलं.

पीडी.

"लावला का नंबराला?" आप्पांनी ओसरीवरून विचारलं. ऊस गेल्यामुळे त्यांच्याकडे आता वेळच वेळ होता.