‘जो जास्त पैसे देईल, गेम त्याचा’ हे मला पटत नाही

परवा गप्पांत एक मित्र म्हणाला, “एक्सक्लुझिव्ह गेममध्ये काय मोठंसं? ज्याने जास्त पैसे मोजले, गेम त्याचा.” (एक्सक्लुझिव्ह म्हणजे एकाच कंपनीच्या मशीनवर खेळता येणारा गेम.) मी तेव्हा गप्प बसलो, पण मनातून ते जाईना. बाकी जगाचं राहू दे, जपानच्या बाबतीत हे खरं नाही, असं मला मनापासून वाटतं.

इथे टोकियोत अकिहाबाराला जुन्या गेमची दुकानं आहेत. अशाच एका दुकानात मी दोन डबे शेजारी ठेवून पाहिले होते. एक १९९४ चा ‘फायनल फँटसी ६’, निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या मशीनची कॅसेट. (आपण लहानपणी कॅसेटच म्हणायचो ना? जपानी माणसंही ‘कासेत्तो’च म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार आपलं वाटलं होतं.) दुसरा १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’, सोनीच्या प्लेस्टेशनच्या तीन सीडी. पहिल्याची मूळ किंमत ११,४०० येन, दुसऱ्याची ६,८००. कॅसेटमध्ये जेमतेम ३ एमबी मावायचे, एका सीडीत साडेसहाशेच्या आसपास. तीन वर्षांत गेम कितीतरी पटींनी मोठा झाला आणि किंमत मात्र निम्म्याच्या जवळ आली.

सहाव्या भागापर्यंत ही मालिका निन्टेन्डोच्याच घरची होती. पण निन्टेन्डो ६४ या पुढच्या मशीनसाठीही निन्टेन्डोने कॅसेटच ठेवली आणि ही मालिका बनवणारी कंपनी, स्क्वेअर, सोनीकडे गेली. ही गोष्ट सांगताना सगळे जागेबद्दल बोलतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते ऑर्डरचं गणित. कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या, त्याही कित्येक आठवडे आधी आगाऊ पैसे भरून. माल खपला नाही तर गोदामात पडून, आणि अंदाजापेक्षा जास्त खपला तर नवा माल येईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं. सोनीकडे गाण्यांच्या सीडीच्या धंद्यातली मुरलेली माणसं होती. आधी थोडा माल काढा, संपला की काही दिवसांत पुन्हा छापून देतो, हा त्यांचा हिशोब. लहान गेम कंपनीची रात्रीची झोप यावर अवलंबून असते! १९९७ च्या जानेवारीत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या दुसऱ्या लाडक्या मालिकेचा सातवा भागही प्लेस्टेशनवर येणार हे जाहीर झालं, आणि जपानमधली सोनी-निन्टेन्डोची ती लढाई माझ्या मते तिथेच संपली.

ड्रॅगन क्वेस्टचं तर धोरणच ठरलेलं: ज्या मशीनवर जास्त लोक, तिकडे आपण. म्हणून नववा भाग २००९ मध्ये टीव्ही सोडून निन्टेन्डोच्या हातातल्या डीएसवर आला.

आता पैशाचंच म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने काय कमी केलं? आपल्या एक्सबॉक्स ३६० या मशीनसाठी फायनल फँटसीचे जनक साकागुची यांच्याकडून गेम करून घेतले. २००६ च्या ‘ब्लू ड्रॅगन’ची पात्रं खुद्द ‘ड्रॅगन बॉल’वाल्या तोरियामा यांनी रेखाटली. त्याहून मोठी नावं तेव्हा जपानमध्ये शोधून सापडली नसती. तरी मशीन तिथे रुजलं नाही. २००८ मध्ये ‘टेल्स ऑफ व्हेस्पेरिया’ आधी त्यावर आला, लोकांनी त्याच्यासाठी मशीन घेतलं, आणि पुढच्याच वर्षी तोच गेम नव्या पात्रासकट प्लेस्टेशन ३ वर. ज्यांनी खिशातले पैसे घालून विश्वास टाकला होता, त्यांना काय वाटलं असेल! मशीनवाल्याने पैसे मोजून मिळवलेला गेम असा निसटतो, कारण शेजारच्या मुलाकडे ते मशीनच नसतं.

याउलट कॅपकॉम कंपनीचा ‘मॉन्स्टर हंटर’ पाहा. चार मित्रांनी सोनीची हातात धरायची चार पीएसपी मशीनं घेऊन एकत्र शिकार करायची, हे जपानमध्ये एका काळी वेडच होतं. २०११ मध्ये निन्टेन्डोचा हातात धरायचा ३डीएस २५,००० येनला आला आणि अडखळला. ऑगस्टमध्ये किंमत थेट १५,०००. सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, मॉन्स्टर हंटर आता ३डीएसवर. पण त्या मशीनला अंगठ्याने फिरवायची दुसरी स्टिक नव्हती, त्यामुळे गेममधला कॅमेरा फिरवायला अवघड. मग निन्टेन्डोने स्वतःच एक पाळणा काढला, मशीन त्यात बसवायचं, उजवीकडे जास्तीची स्टिक, आत एक बारीक सेल. १० डिसेंबरला ‘मॉन्स्टर हंटर ३जी’ आला, त्याच दिवशी तोही दुकानात. मी तो हातात धरून पाहिलाय, बोजड आहे, दिसायलाही बरा नाही. पण दुसऱ्याच्या गेमसाठी कंपनीने आपल्या मशीनला असं ठिगळ लावलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

हे सगळं परत आठवायला निमित्त झालं भाच्याचं. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचं नवं मशीन, स्विच २, आला तेव्हा पुण्याहून त्याचा फोन, “मामा, तिकडे स्वस्त आहे म्हणे, येताना आण ना.” त्याला सांगितलं, ४९,९८० येनचा जो आहे तो फक्त जपानी भाषेत चालतो, खातंही जपानचंच लागतं. सगळ्या भाषांचा हवा तर ६९,९८०.

“असं का करतात?”

“इथल्या पोरांना परवडावा आणि तो इथल्याच घरांत राहावा म्हणून. तरच इथले गेमवाले त्याच्यासाठी गेम करतील.”

थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “मग मी जपानी शिकतो.”

पुण्यात क्लास कुठला चांगला, हे कुणी सांगू शकेल का? तो खरंच मागे लागलाय.