‘फ्लॅटमध्ये कंपोस्ट नको’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

‘फ्लॅटमध्ये कंपोस्ट करू नका’ असे बजावणारा एक संदेश ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. दुर्गंधी सुटते, अळ्या आणि उंदीर येतात, लिंबा-कांद्याची साल व शिजवलेले अन्न चालत नाही, घातक मिथेन तयार होतो, आणि महापालिका ओला कचरा नेतेच, मग घरात हा उपद्व्याप कशाला, असे त्यातील आक्षेप आहेत. ते सगळेच पोकळ नाहीत. मात्र बहुतेकांच्या मुळाशी ओल्या कचऱ्यात कोरडे काही न मिसळण्याची चूक आहे आणि संदेशकर्त्याने त्या चुकीलाच कंपोस्ट मानले आहे.

दुर्गंधीचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. भाजीपाल्याच्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 असे लागते. नुसत्या देठा-सालींत ते बहुधा 20 च्या खाली राहते. जास्तीचा नत्र अमोनिया होऊन बाहेर पडतो, पाण्याने हवेच्या पोकळ्या बुजतात, हवेवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि बादली आंबूस, कुजकट वास मारू लागते. कचऱ्याच्या आकारमानाइतकी वाळलेली पाने, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळला की कर्बही मिळतो आणि हवाही खेळते. ओल तपासायला मूठभर मिश्रण घट्ट पिळावे: बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी कोरडे घालावे. आपल्याकडे खरी अडचण जुलैत येते, कारण तेव्हा हवाच दमट असते आणि सुके पान औषधालाही मिळत नाही. त्यासाठी देशी बदामाची पाने गळतात तेव्हाच, माळ्याने ती पेटवून देण्याआधी, दोन पोती भरून ठेवावीत.

अळ्यांची किळस समजण्यासारखी आहे, भीती मात्र अनाठायी आहे. करड्या, जाड अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. ही माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी आपल्या अन्नावर घोंगावत नाही. चिलटांची अंडी केळीच्या सालीवरूनच घरात येतात, म्हणून प्रत्येक थर कोरड्या पानांनी पूर्ण झाकायचा. उंदरांचे म्हणाल, तर ते मासळी-मटणाला भुलतात. कोळंबीची टरफले आणि बोंबलाची डोकी गॅलरीतल्या डब्यात घालू नयेत, इतके संदेशाचे म्हणणे मला मान्य आहे.

लिंबाच्या आणि कांद्याच्या सालीविषयीचा नियम गांडूळखताचा आहे. गांडुळांना आंबट आणि उग्र पदार्थ मानवत नाहीत. साध्या डब्यातल्या जिवाणूंना थोड्या साली बारीक चिरून दिल्या तर काही बिघडत नाही. दोन वेगळ्या पद्धतींची अशी खिचडी करून लोकांना घाबरवणे बरे नव्हे. शिजवलेल्या अन्नाचे इतकेच, की रस्सा निथळून घ्यावा, भाताचा गोळा मोकळा करावा आणि प्रमाण थोडे ठेवावे.

मिथेनचा मुद्दा तर उलटाच लागू पडतो. हा वायू हवा नसलेल्या जागी तयार होतो, आणि तशी जागा म्हणजे डंपिंग ग्राउंडवरचे उंच ढीग. भोके पाडलेल्या, अधूनमधून हलवल्या जाणाऱ्या बादलीतून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते.

महापालिका कचरा नेते हे खरे. पण ती तो कुठे नेते? ठाण्याचा कचरा अनेक वर्षे दिवा या उपनगरातल्या डंपिंग ग्राउंडवर पडत होता आणि नवी मुंबईचा तुर्भ्याला जातो. ज्याचा बहुतेक भाग पाणी आहे ते ट्रकमध्ये भरून शहरभर फिरवायचे आणि मग दिवा परिसरातल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे धूर-वास सोसायचा, याला मी व्यवस्था म्हणणार नाही.

संदेशात नसलेला, पण खरा असलेला एक आक्षेप मीच नोंदवतो. लहान डबा मोठ्या ढिगासारखा 55-60 अंशांपर्यंत तापत नाही, त्यामुळे टोमॅटो-भोपळ्याच्या बिया मरत नाहीत आणि हे खत घातलेल्या तुळशीच्या कुंडीत टोमॅटोची रोपे उगवतात. ती उपटून टाकावीत, किंवा एखादे ग्रिलमध्ये वाढू द्यावे.