सप्लिमेंटबद्दलचं माझं एक वाक्य चुकलं, बाकीचं नाही

नमस्कार.

सप्लिमेंटवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्यातलं एक वाक्य मनाला लागलं. 'चौरस आहार घेणाऱ्या सायकलस्वाराला सप्लिमेंटची गरज नाही,' असं मी लिहिलं होतं. तुम्ही लिहिता की घरात पिढीजात शाकाहार, जेवण वेळेवर, तरी दोनशे किलोमीटरच्या बीआरएमनंतर (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) तळपाय बधिर राहू लागले आणि तपासणीत बी-१२ तळाला गेलेलं निघालं. मनाला लागलेलं तुमचं वाक्य हे: 'तुमच्यासारखे लोक ठासून लिहितात, म्हणून मी वर्षभर अंगावर काढलं.'

ते वाक्य मी मागे घेतो. बी-१२ पोळी-भाजीतून मिळतच नाही. ते येतं दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून. घरात दूध चहापुरतंच असेल, तर ताटात रोज दोन भाज्या आणि कोशिंबीर असूनही ही एक जागा रिकामी राहते. शिवाय यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता वर्षानुवर्षं जाणवत नाही. आणि आपण सायकलवाले तर आणखीच फसतो. हात बधिर झाले की हँडलबारला दोष देतो, पायाला मुंग्या आल्या की शूज घट्ट आहेत म्हणतो. पुष्कळदा ते खरंही असतं. हँडलबारच्या दाबाने करंगळी आणि अनामिका बधिर होणं नेहमीचंच आहे. पण सायकलवर नसतानाही, रात्री अंथरुणात, दोन्ही पायांना सारख्याच मुंग्या येत असतील तर शूज बदलत बसू नये, रक्त तपासावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्या औषधाने बी-१२ चं शोषण कमी होतं. तुम्हाला डॉक्टरांनी दिलेली गोळी हा उपचार आहे, ती माझ्या लेखाच्या भरवशावर कुणीही बंद करू नये. मूळ लेखात आजच तशी दुरुस्ती केली आहे.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. 'जेलशिवाय लांब राइड होत नाही, म्हणजे आहार पुरत नाही,' असं तुम्ही म्हणता. अहो, जेल म्हणजे पाकिटात भरलेली साखर. ते अन्नच आहे, फक्त चालत्या सायकलवर गिळायला सोपं. स्नायू आणि यकृत मिळून साधारण अर्धा किलो कर्बोदकं साठवतात, आणि जोरात चालवलं तर तो साठा दोन-तीन तासांत संपत येतो. म्हणून लांब राइडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका बऱ्या आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. ती जेलमधून घ्या नाहीतर केळी-खजुरातून, पायांना फरक पडत नाही. नुसत्या ओआरएसवर दिवस काढणारे बरेच पाहतो. त्यातून मीठ मिळतं, पण लिटरभर पाण्यात ग्लुकोज असतं जेमतेम साडेतेरा ग्रॅम. तेवढ्यावर घाट चढत नाही.

हे मी पसरणी घाटात शिकलो. पुण्याहून पहाटे चहा-बिस्किटांवर निघालो होतो. वाई सोडली, घाट लागला आणि निम्म्यात पायांचे दगड झाले. डोळ्यांपुढे अंधारी आली, सोबतच्या मित्रावर मी कारण नसताना खेकसलो. त्याने काही न बोलता मला कठड्यावर बसवलं, दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू हातात दिला. वीस मिनिटांत मी पुन्हा पेडल मारत होतो. त्या काळात मी रोज मल्टिव्हिटॅमिन घेत असे, आणि त्या दिवशी जर्सीच्या खिशात खायला काहीच नव्हतं. आजही रस्त्याच्या कडेला बसलेले जे चेहरे दिसतात, त्यातले बहुतेक नुसते भुकेले असतात.

प्रथिनांचं गणित तुम्ही मागितलंत. सत्तर किलोच्या माणसाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारशीने दिवसाला ५८ ग्रॅम लागतात. नियमित लांब सायकल चालवणाऱ्याने किलोमागे किमान १.२ ग्रॅम धरावं, म्हणजे ८४. सहा पोळ्या, दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ, अर्धा लिटर दूध, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे एवढं खाल्लं की सत्तरच्या आसपास पोचतो. उरलेलं शंभर ग्रॅम पनीर भरून काढतं. रोज एवढं जमत नसेल तर व्हे घ्या, त्यात पाप नाही. पनीर करताना जी निवळी उरते, तिच्यातलंच प्रथिन वाळवून केलेली ती भुकटी आहे. फक्त वरणाच्या दोन वाट्या न खाता डबा आणायचा, हे मला पटत नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल, कारण खरी काळजी मला तिची वाटते. सोळा वर्षांची आहे, राज्य पातळीवर शर्यती करते, हल्ली लवकर दमते, आणि दुकानदाराने 'प्री-वर्कआउट'चा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या सप्लिमेंटचा, डबा दिला आहे. तो उघडू नका. कोलोनच्या डोपिंग प्रयोगशाळेने १३ देशांतून गोळा केलेल्या ६३४ सप्लिमेंटची तपासणी केली होती. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली संप्रेरकं सापडली, आणि हे साधे, राजरोस विकले जाणारे डबे होते. उद्या नाडाने (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) तिची चाचणी घेतली, तर शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तिच्यावर येते, दुकानदारावर नाही.

आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या. पाळी सुरू झालेल्या, रोज तास-दोन तास सराव करणाऱ्या मुलीत लोह कमी असणं अगदी शक्य आहे, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा आटलेला असू शकतो. आयसीएमआरच्या हिशेबाने पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला २९. रिपोर्ट येण्याआधी लोहाची गोळीही मनाने सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीर सहजी बाहेर टाकत नाही. तोवर जेवणासोबतचा चहा बंद करा, पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, आणि सरावाआधी ती काही खाऊन निघते का हे बघा. पहाटे पाचला उपाशीपोटी जात असेल, तर दमण्याचं निम्मं कारण तिथेच सापडेल.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि जमलं तर मलाही कळवा. तिच्या पुढच्या शर्यतीची तारीखही.